भुलेची भीती आणि आदल्या संध्याकाळची भेट

मुळशी तालुक्यात कुणाला ऑपरेशन सांगितलं, की घरात आधी पैशांचा विषय निघतो आणि मग भुलेचा. पौडचं ग्रामीण रुग्णालय असो, लवळ्याचं सिंबायोसिस असो की पुण्याचं ससून, प्रश्न ठरलेले. भूल उतरेल ना? मध्येच जाग आली तर? कंबरेत सुई दिली की जन्मभर कंबर धरते, खरं का? पेशंट हे सगळं शेजारच्या खाटेवरच्याला विचारतो. डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही.

१९६४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट यांनी पोटाचं ऑपरेशन व्हायचं असलेल्या ९७ पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना आदल्या रात्री नीट सांगितलं : दुखेल, अमुक जागी दुखेल, इतके दिवस दुखेल, स्नायू आखडले की श्वास असा घ्या, कुशीवर असे वळा. कुणाला हे सांगितलंय, याची सर्जनना कल्पना नव्हती. त्या पेशंटांना वेदनाशामकं निम्मीच लागली आणि ते सरासरी पावणेतीन दिवस आधी घरी गेले.

पुण्यातलं उदाहरण वेगळं, पण तितकंच बोलकं आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं अपेंडिक्स काढलं. पेशंट येरवड्याचा राजबंदी, सर्जन सरकारी. तरी ओळखीचे डॉक्टर बोलावण्याची मुभा गांधीजींना दिलेली होती, आणि मॅडॉक यांच्यावर आपला विश्वास असल्याचं निवेदन त्यांनी नेमस्त नेते श्रीनिवास शास्त्री यांच्या समक्ष दिलं. ऑपरेशन चालू असताना वीज गेली. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं.

आज भीती कमी करायला भुलेआधी गोळी देता येते, आवडीचं संगीतही उपयोगी पडतं. पण भूलतज्ज्ञाने खाटेपाशी बसून दिलेली दहा मिनिटं आधी हवीत. कंबरेत सुई घेताना पाय खाली सोडून बसायचं, पोटाशी उशी धरून वाकायचं. मग पाय गरम, जड होतील आणि काही तास हलणार नाहीत, हे आधी कळलेलं असलं की पेशंट टेबलावर घाबरत नाही. सुईची जागा दोन-चार दिवस ठणकेल, जन्माचं दुखणं लागत नाही, हेही तेव्हाच सांगावं.

उपाशी राहण्याचंही तसंच. सकाळच्या ऑपरेशनसाठी रात्रीपासून पाण्याचा थेंब नको, असं सरसकट सांगतात. एरवी ठीक असलेल्या पेशंटला साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. कोरड्या घशाने जीव आणखी घाबरा होतो. म्हणून शेवटचा घोट किती वाजता घ्यायचा, ते नातेवाइकांना कागदावर मराठीत लिहून द्यावं.