शंभर गुण आणि लपलेली चूक



काही वर्षांपूर्वी निकालाच्या दिवशी आपली एक विद्यार्थिनी अंकसूची घेऊन रडत माझ्या खोलीत आली. गणितात तिला पैकीच्या पैकी, म्हणजे १०० गुण होते. अंकसूचीवर मात्र छापले होते १०, आणि शेवटी ‘अनुत्तीर्ण’! गुण छापणाऱ्या प्रोग्राममध्ये दोनच अंकांची जागा ठेवलेली होती. तो घेताना आम्ही २० मुलांचे जुने गुण भरून तपासला होता, सगळे बरोबर आले होते. पण त्या वीस जणांत शंभर कुणालाच नव्हते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि संगणकाशी ओळख चाळिशीनंतर. तरी अशा क्वचित दिसणाऱ्या चुका शोधायच्या कशा, हे त्या दिवसानंतर मी वाचू लागलो. जे समजले ते सांगतो.

१९८८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर एका वादळी रात्री घरून, टेलिफोनच्या तारेवरून, विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. विजांमुळे तारेत खरखर होऊन भलतीच अक्षरे मध्ये घुसत आणि चांगले चालणारे प्रोग्राम बंद पडत. मग त्यांनी विद्यार्थ्यांना हाच प्रयोग मुद्दाम करायला दिला : वाटेल ती अक्षरे भरा आणि काय होते ते पाहा. १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या प्रोग्रामांपैकी पाव ते एक तृतीयांश कोलमडले होते! या पद्धतीला ‘फझिंग’ म्हणतात.

पण नुसत्या नशिबावर किती भरवसा ठेवणार? सूटकेसचे चार आकडी कुलूप घ्या. ते अंदाजाने उघडायचे तर १०,००० आकडे संभवतात. आता समजा, प्रत्येक आकडा बरोबर लागताच बारीक ‘टक्’ आवाज येतो. मग एका आकड्याला फार तर १० प्रयत्न, चारांना ४०. दहा हजारांचे काम चाळिसांत!

२०१३ साली मिखाल झालेव्स्की यांनी ‘अमेरिकन फझी लॉप’ नावाचा प्रोग्राम आणला. तो हाच ‘टक्’ ऐकतो. भरलेल्या ज्या माहितीमुळे प्रोग्रामचा आजवर न चाललेला भाग चालतो, ती तो जपून ठेवतो आणि तिच्यातच थोडाथोडा बदल करत पुढे जातो. २०१४ साली त्यांनी सुरुवातीला फक्त ‘हॅलो’ हा शब्द दिला, तर त्यातून शेवटी छायाचित्राच्या जेपेग फाइली तयार झाल्या!

आपला प्रोग्राम मात्र बंद पडला नव्हता. तो मुकाट्याने चुकीचे छापत होता. अशी चूक पकडायला आधी नियम सांगावा लागतो : जे भरले तेच छापले पाहिजे. शिवाय ०, १००, गैरहजर अशा टोकाच्या नोंदी मुद्दाम द्याव्यात. जिथे चूक सापडली ती नोंद जपावी आणि दुरुस्तीनंतर पुन्हा भरून पाहावी.

मुलांनो, गणित सोडवल्यावर ताळा करता ना? हाही ताळाच. आणि विश्वस्त मंडळींना विनंती, पुढच्या वेळी प्रोग्रामची किंमत विचारण्याआधी तो कसा तपासला हे विचारू या. त्या मुलीला त्याच दिवशी हाताने लिहिलेली अंकसूची दिली. तिचे रडणे मात्र परत घेता आले नाही.