अपस्माराची गोळी आणि आपला संकोच

अपस्मार, ज्याला बोलीभाषेत फेफरे अथवा मिरगी म्हणतात, तो आपल्या समाजाला नवा नाही. चरकसंहितेत त्याचे निदान व चिकित्सा सांगितली आहे. असे असूनही झटका आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा वा चप्पल धरण्याची खुळी रीत अद्याप सुटलेली नाही. जिचा खरा उपयोग होतो ती नियमाने घ्यावयाची गोळी मात्र घरात लपविली जाते.

या गोळीला शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. १९१२ साली हाउप्टमान या जर्मन वैद्याने फेनोबार्बिटोनचा गुण ओळखला. १९३८ साली अमेरिकेत मेरिट व पटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. त्यानंतर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम अशी औषधे आली. ही औषधे मेंदूतील बेताल विद्युत्संचाराला आवर घालतात. ती रोग समूळ उपटीत नाहीत, झटके रोखतात. योग्य निदान व उपचार लाभल्यास शंभरांतील सत्तर रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतील, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग अडते कोठे? मुलीचे लग्न ठरू लागले की गोळ्यांची डबी दडविली जाते. सासरी गोळी चुकते. औषध एकाएकी थांबले, तर झटक्यांमागून झटके येऊन प्राणावर बेतू शकते. शिवाय व्हॅल्प्रोएटपासून गर्भाला अपाय होण्याचा धोका असतो. ते वेळीच बदलावे लागते. जे लपविले आहे, त्याबद्दल डॉक्टरचा सल्ला घेणार कोण?

हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या आड येणाऱ्या कारणांमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. तो १९९९ साली वगळण्यात आला. गोव्याचा विवाहविषयक कायदा निराळा असला, तरी त्या निर्णयामागील शहाणपण आपणही स्वीकारावयास हवे.

देवाला कौल लावणाऱ्यांच्या श्रद्धेशी आमचे भांडण नाही. देवापुढे नारळ अवश्य ठेवावा. परंतु गोळी चुकवू नये. दोन वर्षे झटका आला नाही, तर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार होऊ शकतो. पण तो निर्णय डॉक्टरचा, शेजाऱ्याचा नव्हे. खेड्यांतील आरोग्य केंद्रांत या औषधांचा साठा अखंड राहील, हे सरकारने पाहावे. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो. अपस्माराची गोळीही तितक्याच सहजतेने घेता यावी, एवढे मोकळेपण समाजाने दाखवावे, अशी आमची अपेक्षा आहे.