बाबांचं विमान आणि दमट हवा

आज मॉडेल नाही, मॉडेलच्या सामानाबद्दल बोलू.

बाबांनी आणि मी मिळून १:७२ मापाचं एक विमान अर्धं जोडलं होतं. मग बाबा गेले. खोका पलंगाखाली तसाच राहिला. पावसाळ्यानंतर उघडला, तर डिकल्स एकमेकांना चिकटलेली आणि सुपरग्लूचा बाटलीतच दगड झालेला. तेव्हा कळलं, आपली खरी वैरी म्हणजे दमट हवा.

सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. फेविकॉलसारखा तो पाणी उडून सुकत नाही, उलट ओल लागली की घट्ट होतो. म्हणून बाटली हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. न उघडलेली बाटली फ्रिजमध्येही चालते, पण खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या बंद डब्यात. बाहेर काढली की लगेच झाकण उघडायचं नाही हं! आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत ओल धरते.

बाल्साच्या पट्ट्या भिंतीला टेकवल्या की वाकतात. त्या आडव्या, सपाट ठेवा. डिकल्स झिपच्या पिशवीत, उन्हापासून लांब. थिनर पेट घेतो, तेव्हा गॅस आणि देवघरातला दिवा, दोन्हींपासून दूर. सुट्या भागांना मिठाईचे प्लास्टिकचे डबे झकास. फक्त प्रत्येकावर नाव लिहा.

बाबांच्या विमानासाठी नवी डिकल्स आणलीयत. या रविवारी पंख बसवायचेत.

तुमचा खोका कुठे आहे? आजच उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!