मण्यारीला तुमची ऊब दिसत नाही

पावसाळा लागला की हे हमखास ऐकू येते: मण्यार म्हणे अंधारात माणसाच्या अंगाची ऊब हेरते आणि बरोबर अंथरुणात शिरते. वर पुरावा म्हणून एखादा व्हिडिओ, सापाच्या नजरेतून लालभडक दिसणारा उंदीर. अहो, पण तो साप मण्यार नसतो!

दुरून उष्णता टिपणारे खळगे मोजक्याच सापांना असतात. चापडा आणि त्याच्या कुळातले रॅटलस्नेकसारखे साप, बहुतेक अजगर, काही बोआ. चापड्याचा खळगा डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे, अजगराचे ओठांवर. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी एकालाही ते नाहीत. अंगाला लागलेली ऊब मण्यारीला जाणवेल, ती कोणालाही जाणवते. दुरून वेध घेणे वेगळे.

खळग्यात अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. भक्ष्याच्या उष्णतेने तो किंचित तापला, तरी संदेश मेंदूकडे जातो. रॅटलस्नेकमध्ये हे काम टीआरपीए१ हे प्रथिन करते, असे डेव्हिड ज्युलियस आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ‘नेचर’मध्ये दाखवले. आपल्या शरीरातही ते आहे. मोहरीचा झणका त्यामुळेच कळतो. मेंदूत हा संदेश डोळ्यांच्या संदेशाला जाऊन मिळतो. तरी कॅमेऱ्यासारखे रेखीव चित्र त्यातून उमटत नाही.

कॅलिफोर्नियातली जमिनीवरची खार रॅटलस्नेक समोर आला की शेपटीत गरम रक्त खेळवून ती हलवते. खळगे नसलेल्या गोफर सापापुढे शेपटी हलवते, पण तापवत नाही. हा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. कोणता साप उष्णता टिपतो हे खारीला कळते. आपण मात्र सगळ्यांना एकाच माळेत ओवतो.

मण्यार मुख्यतः दुसरे साप खाते, शिवाय पाली-उंदीर. साप आणि पाली यांच्या अंगाला कसली आली ऊब? ती जिभेने गंधकण गोळा करून माग काढते. रात्री भक्ष्यामागे घरात येते, आणि जमिनीवर झोपलेला माणूस तिच्या वाटेत असतो.

किरकोळ गैरसमजही उरकू. जीभ उष्णता मोजत नाही. भिंतीपलीकडचा उंदीर चापड्यालाही दिसत नाही.

खाटेवर झोपा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचा. नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात मच्छरदाणीने सर्पदंशाचा धोका कमी झालेला आढळला. मण्यारीचा दंश सहसा दुखत नाही, खूणही कधी कधी दिसत नाही. म्हणून पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या, तर खूण शोधत न बसता थेट रुग्णालय गाठा.