सुयांवरची दिवाळी

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा कधी कधी १० अंशांखाली उतरतो, निफाडचा त्याहूनही खाली जातो, आणि मुंबईत १६-१७ अंशांनाच लोक शाली शोधायला लागतात. असल्या हवेत लोकरीच्या स्वेटरची खरी गरज वर्षाकाठी काही आठवड्यांचीच. तरीही कितीतरी मराठी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात विणायच्या सुया असतात आणि त्यांच्यासोबत उरलेल्या लोकरीचे गुंडे. आपल्याकडे विणकाम थंडीमुळे टिकलेलं नाही, भेट देण्याच्या हौसेनं ते टिकवलं आहे, असं मला ठामपणे वाटतं. बाळंतविड्यातला स्वेटर, टोपडं आणि मोजे, आजोबांची कानटोपी, परगावी शिकायला निघालेल्या भाचीचा मफलर या सगळ्यात आधी माणूस ठरतं आणि मग लोकर.

या कलेचा इतिहासही थंड प्रदेशात सुरू होत नाही. सुयांवर विणलेल्या ज्या जुन्यात जुन्या वस्तू आज संग्रहालयांत आहेत, त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे आहेत. ते अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे मानले जातात, आणि काहींवर निळ्या-पांढऱ्या रंगात इतकी नेटकी नक्षी आहे की आजच्या कसलेल्या विणकरणीनंही कौतुक करावं. तिथून ही विद्या युरोपभर पसरली. १५८९ मध्ये विल्यम ली या इंग्रजानं मोजे विणण्याचं यंत्र तयार केलं, तरी घरोघरच्या सुया थांबल्या नाहीत. आपल्याकडे लोकर जुनीच, पण तिचं काम वेगळं. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची राठ लोकर, तिचं हातानं काढलेलं सूत, सनगरांच्या मागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी हे महाराष्ट्राचं लोकरकाम. सुयांवरचं विणकाम एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या आणि मुलींच्या शाळांतून घरात आलं आणि शिवण-भरतकामाच्या शेजारी बसलं. पुढे रुखवतात क्रोशाचे रुमाल आले, महिलांच्या मासिकांत थंडीच्या सुमारास स्वेटरचे नमुने छापून यायला लागले.

एका दिवाळीत मात्र या सुयांवर फार मोठी जबाबदारी पडली. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचं आक्रमण सुरू झालं आणि साधारण आठवड्यानं दिवाळी आली. हिमालयात लढणाऱ्या आपल्या कित्येक जवानांकडे त्या थंडीला पुरतील असे कपडे नव्हते. देशभरातल्या बायकांनी त्यांच्यासाठी स्वेटर, मोजे, हातमोजे विणायला घेतले. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. ज्यांना जवानाचं नावही माहीत नव्हतं आणि ज्यांनी त्याच्या मापाचा अंदाजच बांधला, त्या विणणाऱ्या बायकांची आठवणही तितक्याच आदरानं ठेवायला हवी.

आम्हा मैत्रिणींची दिवाळीची खरेदी दर वर्षी पुण्यात, एकाच दिवशी, एकत्र होते. दसरा उलटला की दुकानांत नव्या हंगामाची लोकर दिसायला लागते आणि दिवाळीची खरी गर्दी अजून सुरू झालेली नसते. ते मधले दिवस आम्ही धरतो. सकाळी लवकर मंडईपाशी भेटायचं. आकाशकंदील आणि पणत्या आधी घ्यायच्या नाहीत, कारण त्या हातात धरून पुढे लोकर चाचपता येत नाही. पहिली फेरी तुळशीबागेत. पेशवाईत नारो अप्पाजी खिरे, म्हणजेच तुळशीबागवाले, यांनी बांधलेल्या राममंदिराभोवती वाढलेला हा बाजार. भातुकलीची भांडी, पितळी समया, खोटे दागिने यांतून वाट काढत घरच्या आणि सोसायटीतल्या लहान मुलींसाठी भातुकली घेऊन होते. बटणं आणि लेसेससाठी रविवार पेठ. छोट्या स्वेटरला बटण कसं लागेल हे तिथे नमुना धरून बघता येतं, म्हणून सुयांवर असलेलं काम बरोबर नेलेलं बरं.

लोकरीच्या दुकानात मात्र घाई करू नये. आपल्या बाजारात लोकर म्हणून जे मिळतं त्यातला मोठा भाग अॅक्रिलिकचा, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेला धागा. त्यात कमीपणा काही नाही. तो स्वस्त आहे, रंग टिकतो, घरी धुता येतो, कसर लागत नाही. पण ज्याला तो द्यायचा त्याला खरी मेंढीची लोकर आहे असं सांगू नये. मेंढीची लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही आणि अॅक्रिलिकला ते साधत नाही. उलट, खरी लोकर गरम पाण्यात चोळून धुतली तर तिच्या तंतूंवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून बाहुलीच्या मापाचा होतो. म्हणून तान्ह्या बाळाच्या आईला, जिला दिवसातून तीनदा कपडे बदलावे लागतात, तिला मऊ अॅक्रिलिक द्यावं. आजोबांच्या कानटोपीला खऱ्या लोकरीची चैन करावी.

लेबलवर शेड नंबरच्या जोडीला लॉट नंबर असतो, तो जरूर वाचा. एकाच शेडचे दोन लॉट वेगवेगळ्या वेळी रंगवलेले असतात. दुकानातल्या दिव्याखाली ते सारखे दिसतात, पण अंगणातल्या उन्हात एक बाही वेगळी उठून दिसते. लागेल त्याहून एक गुंडा जास्तच घ्यावा. सुयांच्या नंबराचंही नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत अजून चालते, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. बॉर्डर बारीक सुयांवर घ्यायची आणि पुढचं अंग जाड सुयांवर, म्हणजे कमरेशी स्वेटर धरून बसतो. परदेशातला नमुना हाती आला तर नंबराकडे न बघता मिलिमीटर बघावेत.

दुपारी मिसळ खाऊन आम्ही कोणातरी एकीच्या घरी जातो. पिशव्या भिंतीशी टेकवायच्या, चहा टाकायचा आणि टाके घालायला घ्यायचे. खरेदीपेक्षा मला हा भाग जास्त प्रिय आहे. विणकाम पुस्तकातून शिकता येतं, पण हातात बसतं ते दुसऱ्याचे हात बघून. धागा बोटाभोवती किती घट्ट धरायचा, उलट टाक्याला सुई कुठून घालायची, निसटलेला टाका चार ओळी खालून क्रोशाच्या सुईनं वर कसा आणायचा, हे शेजारी बसलेली बाई क्षणात दाखवते. आमच्यातली सर्वांत मोठी मैत्रीण तिच्या आत्यानं शिकवलेली बाळमोज्याची टाच आम्हाला शिकवते. ती कुठे लिहिलेली नाही, आणि ती शिकून घेणारी कोणी उरली नाही तर ती टाचही उरणार नाही. या विद्येचं असंच असतं.

विणलेलं कापड ताणलं जातं आणि पुन्हा जागेवर येतं, त्याचं कारण त्याच्या रचनेत आहे. मागावरच्या कापडात धागे उभे-आडवे, सरळ जातात. सुयांवर एकच धागा फासात फास अडकवत जातो, आणि प्रत्येक फासाला पसरायला थोडी जागा असते. सगळ्या सुलट बाजूच्या विणीचे काठ गुंडाळतात. दोन सुलट, दोन उलट घेतलं की ओढ दोन्हीकडे सारखी होते आणि काठ सपाट राहतो. म्हणून बॉर्डर तशी. हे एकदा कळलं की नमुना पाठ करावा लागत नाही.

आता हिशेब. मध्यम जाडीच्या लोकरीवर १० सेंटिमीटरच्या चौकोनात साधारण २२ टाके आणि ३० ओळी बसतात. त्या मापानं मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला सुमारे ६०,००० टाके लागतात. सरावाचा हात मिनिटाला ३० टाके घेतो असं धरलं, तरी तेहेतीस तासांहून जास्त काम झालं, जोडणी वेगळी. तान्ह्या बाळाचा स्वेटर १२,००० टाक्यांच्या आसपास उरकतो. दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना भावासाठी स्वेटर सुरू करू नका, मफलर करा किंवा कानटोपी करा. आणि हातानं विणलेल्या वस्तूची किंमत कोणी लोकरीच्या भावानं करू लागलं, तर त्याला हा हिशेब शांतपणे सांगावा. थंडीत शहरोशहरी स्वेटर विकायला बसणारे तिबेटी विक्रेते लुधियानाचा माल आणतात. तो उबदार असतो आणि रास्त भावात मिळतो, गरज भागवायला तो उत्तम आहे. हातानं विणलेल्या वस्तूत मात्र देणाऱ्याचे तास असतात, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असतं.

बाळंतविड्याबद्दल काही गोष्टी निक्षून सांगायला हव्यात. मोज्याच्या आतल्या बाजूला लोंबता धागा ठेवू नये. तो बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्तपुरवठा अडतो आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. दुरंगी नक्षीत आतून लांब धागे जातात, म्हणून मोज्यांना ती नकोच. टोपड्याला गळ्याखाली लांब बंद लावू नयेत, आणि बाळ झोपलेलं असताना टोपडं तोंडावर घसरणार नाही हे पाहावं. बटणं दुहेरी दोऱ्यानं, गाठ मारून पक्की करावीत. अॅक्रिलिक आगीशी वितळून अंगाला चिकटतं, तेव्हा फटाक्यांच्या आणि पणत्यांच्या जवळ मुलांच्या अंगात सुती कपडेच असू देत.

एकत्र बसून विणण्याची ताकद केवढी असते, त्याचं उदाहरण जवळचंच आहे. चेन्नईत सुरू झालेल्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातल्या बायकांनी २०१६ मध्ये ११,००० चौरस मीटरांहून मोठं क्रोशाचं ब्लँकेट जोडून गिनेस विक्रम केला. देशभरातून आणि परदेशातूनही चौकोन आले होते. इतकं मोठं काम शेवटी कोणा ना कोणाच्या घरी, दुपारच्या चहासोबतच झालेलं असणार.

या दिवाळीत भेटी ठरवताना दोन गोष्टी करा. ज्या घरात पुढच्या वर्षी बाळ येणार आहे, तिथल्या बाळंतविड्याची लोकर आताच, एकाच लॉटची, घेऊन ठेवा. आणि भाऊबीजेला किंवा फराळाला ज्या मावशी-आत्यांकडे जाल, त्यांच्यापैकी जिला विणता येतं तिच्याकडे सुया आणि एक गुंडा घेऊन जा, आणि तिची टाच, तिची बॉर्डर तिच्याच हातून शिकून घ्या.