व्यसनमुक्ती केंद्र निवडताना

दारूने घर पोखरले की माणसे हवालदिल होतात. ‘डॉक्टर, याला कुठेतरी टाका हो,’ असे पनवेलमध्ये मला अनेकदा ऐकावे लागते. हा ‘टाका’ शब्द मला खटकतो. व्यसन हा आजार आहे. व्यसनी माणूस कैदी नव्हे, रुग्ण आहे.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. व्यसनातून उद्भवणारे मनोविकारही त्यात येतात. त्यामुळे असे रुग्ण दाखल करून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. ती नसल्यास पहिल्या वेळी 5 ते 50 हजार रुपये दंड आहे.

म्हणून आधी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे. डॉक्टर कोण, रात्री कोण असते, हे विचारावे. जुनी दारू एकाएकी तोडल्यास काहींना फिट येते, भ्रम होतो; डॉक्टर नसेल तर जिवावर बेतते.

रुग्णाला मारणे, साखळदंडाने बांधणे, एकट्याला कोंडणे बेकायदेशीर आहे. नातेवाइकांना भेटण्याचा, फोनवर बोलण्याचा त्याला हक्क आहे. स्वतःची निर्णयक्षमता हरवलेल्या रुग्णाला घरच्यांच्या अर्जावरून ठेवले, तरी पहिली मुदत 30 दिवसांचीच.

तक्रार मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे करता येते. मोफत वकिलासाठी अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 14416 या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. मायेनेही व्यसन सुटते, हे महाराष्ट्राने तेथे पाहिले आहे.