रेस दिली की चढणारी शिट्टी

इंजिन बंद असतं तोवर टेप अगदी स्वच्छ वाजतो. गाडी सुरू केली की स्पीकरमधून बारीक कुईं ऐकू येते, आणि रेस दिली की तिचा सूर चढत जातो. परभणीहून जिंतूर किंवा गंगाखेड येईपर्यंत ती काही पाठ सोडत नाही. मग बहुतेक जण फिल्टर बसवून घेतात, काही जण तर थेट ॲम्प्लिफायरच बदलतात. त्या खर्चाआधी आवाज नीट ऐकावा. दोष कुठे आहे याचा माग त्यातच लागतो.

रेसबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे मिस्त्रींच्या डायनामोची. तो एसी वीज तयार करतो आणि आतले डायोड तिची डीसी करतात, तरी थोडी लहर उरतेच. टेपचं अर्थिंग डॅशबोर्डमागे आणि ॲम्प्लिफायरचं डिक्कीत असतं. या दोन जागांत व्होल्टेजचा किंचित जरी फरक पडला, तरी टेपकडून ॲम्प्लिफायरकडे आवाज नेणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीतून करंट वाहू लागतो आणि ॲम्प्लिफायर ती लहरही गाण्याबरोबर मोठी करून ऐकवतो.

म्हणून आधी पाना हातात घ्यावा. डिक्कीतला अर्थचा बोल्ट खोलला, की रिंग रंगावरच कसलेली किंवा खाली गंज धरलेला, असं पुष्कळदा दिसतं. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, आखूड आणि जाड वायर घेऊन बोल्ट पुन्हा घट्ट आवळावा. आरसीए केबल आणि बॅटरीची वायर एकाच बाजूने नेलेल्या असतील तर त्या वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात.

तरीही आवाज राहिला, तर टेप बंद करून ॲम्प्लिफायरच्या आरसीए पिना काढाव्यात आणि टेप पुन्हा लावावा. शिट्टी थांबली तर दोष टेपमध्ये किंवा केबलमध्ये. चालूच राहिली तर ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. मोबाइल ऑक्स केबलने जोडून त्याच वेळी चार्जिंगलाही लावला असेल, तर आधी चार्जर उपटून पाहावा. कित्येकदा तेवढ्यानेच काम होतं.

रेडिओची गोष्ट निराळी. आकाशवाणीच्या परभणी केंद्राची १३०५ किलोहर्ट्झची मध्यम लहर गाडीत ऐकताना जी कडकड येते, ती एफएमवर फारशी जाणवत नाही. मध्यम लहरींत आवाज लहरीच्या कमी-जास्त जोरातून येतो, त्यामुळे स्पार्क प्लगची ठिणगी किंवा स्वस्त चार्जर त्यात सहज ढवळाढवळ करतो. याचा उलटा उपयोगही होतो. सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, दोन स्टेशनांच्या मधे ठेवून चार्जर, डॅशकॅम, एलईडी दिवे यांच्याजवळून फिरवावा. खरखर जिथे वाढेल, तिथे संशयाला जागा आहे.

अर्थिंग चोख करूनही शिट्टी जात नसेल, तर मल्टिमीटर एसीवर ठेवून चालू इंजिनावर बॅटरीच्या दोन टोकांना लावावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर डायोड गेल्याची दाट शंका घ्यावी. इथे फिल्टर लावून आवाज दाबणं चुकीचंच, कारण खरा बिघाड डायनामोत आहे आणि उद्या तो गाडीच वाटेत उभी करू शकतो. डायनामो तपासायला चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढण्याची जुनी सवय मात्र सोडायलाच हवी. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि टेपच काय, गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरसुद्धा जळू शकतो.